सुरवंटाच्या मागे गेलेली बाई



होळी झाली, चैत्र लागला. कढीपत्त्याला लुसलुशीत फूट आली आहे, लिंबाला नवी पानं आली आहेत, आणि त्या पानांवर आपल्याआधी कुणीतरी जेवायला बसलं आहे. फोडणीसाठी डहाळी तोडायला गेलं की हात झटकन मागे येतो. अळी! आपण ती काडीनं खाली पाडतो आणि चपलेखाली घेतो. पुढं कधीतरी त्याच झाडाभोवती काळं-पिवळं फुलपाखरू भिरभिरायला लागलं, की मात्र लेकराला कडेवर घेऊन दाखवतो, बघ किती छान.

चपलेखाली गेली ती आणि लेकराला दाखवलं ते, दोन्ही एकाच जातीचे जीव. आज हे चौथीतलं पोरगंही सांगेल. पण ही गोष्ट पुस्तकात आली कशी? झाड, पान, अळी, कोश आणि पाखरू हे सगळं एकाच कागदावर मांडून लोकांना दाखवण्याचं काम एका बाईनं केलं. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन. आज तिची गोष्ट सांगणार आहे. ती झाली की आपल्या शिवारातल्या पाखरांकडे वळू, कारण तिची पाहण्याची रीत आपल्यालाही वापरता येण्यासारखी आहे.

मारिया जन्मली 2 एप्रिल 1647 रोजी, जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात. तेव्हा इकडे शिवाजी महाराज सतरा वर्षांचे होते, म्हणजे काळ तुमच्या लक्षात येईल. तिचे वडील चित्रं कोरून छापायचे, पुस्तकं काढायचे. ती तीन वर्षांची असताना ते वारले. आईनं दुसरं लग्न केलं. हे सावत्र वडील, याकोब मारेल, फुलांची चित्रं काढणारे. त्यांनी पोरीच्या हातात कुंचला दिला.

त्या काळी शिकल्यासवरल्या लोकांतही अशी समजूत होती की किडे, माश्या, अळ्या या चिखलातून, शेणातून, कुजलेल्या मांसातून आपोआप तयार होतात. त्यांना आई-बाप नसतात. 1668 साली इटलीत फ्रांचेस्को रेदी नावाच्या वैद्यानं एक साधा प्रयोग केला. भांड्यांत मांस ठेवलं. काही भांडी उघडी, काहींच्या तोंडाला पातळ कापड. उघड्या मांसावर माश्या बसल्या आणि त्यात अळ्या झाल्या. झाकलेल्यात झाल्या नाहीत. आपण दुधाच्या पातेल्यावर फडकं टाकतो, तसंच हे. पण यातून सिद्ध झालं की माशी अंडी घालते तेव्हाच अळी होते.

मारियानं याच्याही आठ वर्षं आधी पाहायला सुरुवात केली होती. 1660 साली, तेरा वर्षांची असताना, तिनं रेशमाचे किडे पाळले. तुतीची पानं घालायची, अळी वाढताना पाहायची, ती कात टाकते ते पाहायचं, मग ती स्वतःभोवती धागा गुंडाळून घेते तो कोश पाहायचा आणि शेवटी कोशातून बाहेर येणारा पांढुरका पतंग. आपल्याकडे तुतीची शेती करणाऱ्या बायांना हे सगळं पाठ आहे. फरक एवढाच, की सलग धागा मिळावा म्हणून आपण पतंग बाहेर येण्याआधीच कोश उकळतो. त्यामुळं पतंग बघायला मिळतो तो बियाण्यासाठी कोश ठेवणाऱ्यांना.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. रेशीम काढणाऱ्या माणसांना अळीचा पतंग होतो हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. चीनमध्ये तर हजारो वर्षांपासून. आणि तिथं हे किडे जपण्याचं काम बऱ्याच अंशी बायांचं होतं. म्हणजे ज्यांच्या हाताखालून किडे जात होते त्यांना माहीत होतं, आणि मोठमोठ्या ग्रंथांत मात्र चिखलातून किडे जन्मत होते. हातातलं ज्ञान आणि कागदावरचं ज्ञान यांत असं अंतर पडतं. आजच्या बोलण्यात ही गोष्ट पुन्हा येणार आहे.

मारियाचं कुतूहल रेशमावर थांबलं नाही. पुढं तिनं स्वतःच लिहून ठेवलं आहे, की रेशमाच्या किड्यापेक्षा इतर सुरवंटांतून कितीतरी सुंदर पाखरं निघतात हे तिच्या लक्षात आलं, आणि मग दिसेल तो सुरवंट ती गोळा करू लागली. युरोपात हिवाळाभर झाडं उघडीबोडकी असतात. वसंतात पालवी फुटली की त्या पालवीवर अळ्या दिसायला लागतात. तेव्हा बागेत, कुंपणाला, खाजऱ्या झुडपांत ती शोधत फिरे. सापडलेली अळी डबीत ठेवायची, आणि ज्या झाडावर सापडली त्याचंच पान तिला खायला घालायचं. दुसरं पान घातलं तर बहुतेक अळ्या खात नाहीत, उपाशी मरतात. म्हणून अळी पाळायची तर झाड ओळखावंच लागतं. मारियाचं सगळं मोठेपण या एका गोष्टीतून आलं.

1665 साली तिचं लग्न झालं. नवराही चित्रकार. दोन मुली झाल्या, योहाना आणि डोरोथिया. संसार नुरेंबर्ग शहरात. तिथला कायदा असा, की तैलरंगात चित्रं काढून विकायची मोकळीक पुरुष चित्रकारांनाच. बायांनी पाण्याच्या रंगांत काढावं. मारियानं तेच रंग घेतले आणि त्यांवरच पोट भरलं. घरी मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवलं, रंग तयार करून विकले. महाराजांचा राज्याभिषेक 1674 सालचा. त्याच्या पुढच्याच वर्षी तिचं फुलांच्या चित्रांचं पहिलं पुस्तक निघालं. ते समोर ठेवून बाया कापडावर नक्षी भरत. आपल्या गटातल्या ताया शिलाई, भरतकाम, शिकवणी असं एकातून दुसरं उभं करतात ना, तसाच हा हिशेब होता. आणि या सगळ्यातून वेळ काढून डब्यांतल्या अळ्या सांभाळणं चालूच.

1679 साली तिचं अळ्यांचं पुस्तक आलं. नावाचा अर्थ साधारण असा: सुरवंटांचं अद्भुत रूपांतर आणि त्यांचं फुलापानांचं अन्न. पन्नास चित्रं. पहिलंच चित्र तुतीचं, रेशमाच्या किड्यासकट. 1683 साली दुसरा भाग, त्यातही पन्नास चित्रं.

तिच्याआधी कुणी फुलपाखराचं चित्र काढलं नव्हतं असं नाही. अळीचं रूपांतर दाखवणारीही एक-दोन पुस्तकं होती. पण तिनं काय केलं? पानाच्या मधोमध झाड काढलं, ते झाड ज्यावर ती अळी जगते. त्याच झाडावर अळी, तिथंच कोश, तिथंच पाखरू. सोबत लिहिलं, ही अळी मला कुठल्या महिन्यात दिसली, काय खात होती, कोश कधी केला, पाखरू कधी निघालं. एका जिवाचा सगळा जन्म एका पानावर. हे पुस्तक तिनं पंडितांच्या लॅटिन भाषेत लिहिलं नाही. आपल्या जर्मन बोलीत लिहिलं, म्हणजे घरच्या बायांना वाचता यावं.

तिची भाषाही ऐकण्यासारखी आहे. तेव्हाच्या जर्मन बोलीत फुलपाखराला झोमरफोगेलाइन म्हणत. त्याचा अर्थ उन्हाळ्यातलं चिमुकलं पाखरू. आपणही फुलपाखरू म्हणतो, फुलांवरचं पाखरू. दोन देश, दोन भाषा, आणि उडणारा किडा पाहून दोन्हीकडच्या माणसांना पाखरूच आठवलं.

अजून एक गोष्ट तिला दिसली. कधी कधी कोशातून फुलपाखरू निघायचंच नाही. त्याऐवजी बारीक माश्या बाहेर पडायच्या. तिनं तेही जसं दिसलं तसं काढलं आणि लिहिलं. आज आपल्याला कळतं, की काही माश्या आणि गांधीलमाश्यांच्या जातीचे बारीक कीटक अळीच्या अंगात अंडी घालतात. त्यांची पिल्लं अळीला आतून खाऊन वाढतात. आपण उसात खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावतो, त्यातले चिमुकले कीटकही असंच करतात, फक्त ते अंड्यातच घुसतात. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईच्या डबीत हे दिसलं आणि नोंदलं गेलं.

1685 च्या सुमारास ती नवऱ्यापासून वेगळी झाली. आई आणि दोन्ही मुलींना घेऊन ती हॉलंडच्या उत्तरेला एका धार्मिक वसाहतीत राहायला गेली. नवरा न्यायला आला, ती गेली नाही. पुढं माहेरचं मेरियन हे नावच तिनं लावलं. 1691 साली ती ॲमस्टरडॅमला आली. हे मोठं बंदर. जगभरातून जहाजं यायची. श्रीमंतांच्या घरी काचेच्या पेट्या असत, त्यांत दूरदेशीची फुलपाखरं टाचणी टोचून ठेवलेली. मारिया त्या पाहायला जाई. रंग पाहून डोळे दिपायचे, पण तिचा प्रश्न सुटायचा नाही. हे पाखरू कुठल्या अळीचं? ती अळी काय खाते? पेटीच्या मालकाला ते ठाऊक नसे. मेलेलं पाखरू होतं, त्याचं झाड नव्हतं.

मग तिनं ठरवलं, आपणच जाऊन बघायचं. 1699 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रं आणि संग्रह विकून तिनं पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीला घेऊन जहाजात बसली. कुणा राजाचा, कुणा संस्थेचा आधार नाही. जायचं होतं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला. तिथं डच लोकांची वसाहत होती. उसाचे मळे होते, आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम माणसं राबत होती. ती तिथं असतानाच, 1700 साली, इकडे राजाराम महाराज वारले आणि ताराबाईंनी राज्याची सूत्रं हाती घेतली.

सुरिनामचे मळेवाले तिला हसत. साखर सोडून ही बाई अळ्या काय शोधते, असं म्हणत. तिनंही तसंच सुनावणारं लिहून ठेवलं, की इथं लोकांना साखरेपलीकडे काही दिसत नाही. उष्णता सोसवेना, जंगलात वाट नाही. वाट कापायला गुलाम पुढं पाठवावे लागत. हो, मारियाच्या कामातही गुलामांची मेहनत होती, हे आपण झाकून ठेवायचं नाही. अळ्या शोधून आणायचं, झाडांचे उपयोग सांगायचं काम तिथल्या माणसांनी केलं. दोन वर्षांत ती आजारी पडली, आणि 1701 साली परत निघाली.

1705 साली तिचं सगळ्यात मोठं पुस्तक निघालं, सुरिनामच्या कीटकांच्या रूपांतराचं. साठ मोठी चित्रं. त्यांतल्या एका चित्रात आपल्या ओळखीचं झाड आहे. आपल्या अंगणात, देवळापाशी, शाळेच्या कुंपणाला असतो तो शंकासुर. लाल-पिवळी फुलं, मोराच्या तुऱ्यासारखे लांब तंतू. तिथं त्याला मोराचं फूल म्हणत.

त्या चित्राशेजारी मारियानं जे लिहिलं, ते वाचून अजूनही अंगावर काटा येतो. तिथल्या आदिवासी बाया डच मालकांच्या हाताखाली फार हाल सोसत होत्या. आपल्यासारखं गुलामीचं जिणं लेकराच्या वाट्याला नको, म्हणून या झाडाच्या बिया वापरून त्या गर्भ पाडत. आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम बायांची हालतही तशीच, असं ती लिहिते. आणि पुढं सांगते, की हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. (मैत्रिणींनो, हा इतिहास म्हणून सांगितला. शंकासुराच्या बिया कुणी चाखूसुद्धा नयेत, जीव जाऊ शकतो. असा काही प्रश्न असेल तर सरकारी दवाखान्यात जायचं, आशाताईला सांगायचं.)

कीटकांच्या पुस्तकात हे कशाला, असं कुणाला वाटेल. पण मारियाला झाडाची सगळी गोष्ट लिहायची सवय होती. कुठली अळी हे पान खाते, तसंच कुठली माणसं हे झाड कशासाठी वापरतात. मळेवाल्यांच्या हिशेबवहीत किती पिंप साखर झाली ते लिहिलेलं असे. बायांनी काय सोसलं ते तिच्या वहीत आलं, कारण तिनं विचारलं आणि बायांनी तिला सांगितलं.

पण सांगणाऱ्या त्या बाया कोण? त्यांची नावं पुस्तकात नाहीत. परतीच्या जहाजावर मारियाबरोबर सुरिनामची एक आदिवासी बाईही होती. जहाजाच्या यादीत तिची नोंद आहे, नाव मात्र नाही. घरदार सोडून ती परक्या थंड देशात गेली. त्या साठ चित्रांतली किती माहिती तिच्या तोंडून आली असेल! मारियाचं नाव तीनशे वर्षं राहिलं, कारण तिनं लिहिलं. त्या बाईचं नाव गेलं, कारण तिचं कुणी लिहिलं नाही.

मारिया 13 जानेवारी 1717 ला ॲमस्टरडॅममध्ये वारली. तिची चित्रं रशियाच्या बादशहा पीटरसाठी विकत घेतली गेली, आणि तिची नोंदवही आजही रशियात जपून ठेवली आहे. प्राण्यांना, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं अनेक जातींसाठी तिच्या चित्रांचा आधार घेतला. पण बाईचा शब्द खोटा ठरवायलाही लोक कमी नव्हते. तिच्या एका चित्रात मोठा कोळी छोट्या पक्ष्याला खातो आहे. 1834 साली तिच्या पुस्तकातल्या चुका काढणारा एका इंग्रज पाद्र्याचा लेख छापून आला, त्यात त्यानं तिची टर उडवली होती. तो स्वतः सुरिनामला कधी गेलाच नव्हता. पुढं हेन्री बेट्स नावाचा इंग्रज निसर्ग अभ्यासक ॲमेझॉनच्या जंगलात राहून आला. त्यानं 1863 साली लिहिलं, की असा कोळी पक्ष्यावर तुटून पडलेला मी डोळ्यांनी पाहिला. तिच्या पुस्तकात काही चुका खरोखरच होत्या. पण कोळी खरा होता.

आणि शेवटी काय झालं, तर जर्मनीनं तिला नोटेवर आणलं. युरो यायच्या आधी तिथं मार्क चालत. त्यांतल्या 500 मार्कांच्या नोटेवर मारियाचं चित्र होतं.

आता आपल्या शिवारात या. खरं सांगायचं तर आपल्याकडे फुलपाखरांचा मोठा हंगाम पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने. चैत्रात ती संख्येनं कमी असतात. पण नवी पालवी याच वेळी फुटते, झाडं ओळखू येतात, आणि रान मोकळं असल्यानं कोश सापडतात. पाहायला शिकायचं तर हा काळ चांगला. मारियाची रीत लक्षात ठेवा: पाखराच्या मागे धावायचं नाही, त्याच्या झाडापाशी जायचं.

पहिलं झाड कढीपत्ता किंवा लिंबू. यावरची अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडी लावली तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हीच पुढं ते काळं-पिवळं फुलपाखरू होते. लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर आपल्या राज्याचं फुलपाखरूही वाढतं. 2015 साली महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मोठे काळे पंख, त्यावर निळे ठिपके. मराठीत त्याला राणी पाकोळी किंवा नीलवंत म्हणतात.

दुसरं झाड रुई. शनिवारी मारुतीला पानं वाहतो ती. पानाखाली पांढरे, काळे, पिवळे पट्टे असलेली अळी शोधा. रुईचा चीक विषारी, पण ही अळी तीच पानं खाते आणि ते विष अंगात साठवते. त्यामुळं पक्षी तिच्या वाट्याला जात नाहीत. तिचं फुलपाखरू नारिंगी, पंखांच्या टोकाला काळं आणि त्यात पांढरे ठिपके.

तिसरं कण्हेर. तिच्या पानाखाली कधी कधी चांदीच्या बुगडीसारखा चकाकणारा कोश लोंबत असतो. त्यातून निघतं साधंसं तपकिरी-काळं फुलपाखरू.

चौथं बहावा. त्याला कोवळी पानं फुटली की फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालायला येतात.

पाचवं आंब्यावरचं बांडगूळ. आपण ते आंब्याचं दुखणं समजून छाटतो, आणि फार झालं असेल तर छाटायलाच हवं. पण त्यावर वाढणारं एक फुलपाखरू आहे, पंखांच्या खालच्या बाजूला पिवळं आणि कडेला लाल. त्याचं मराठी नावच हळदीकुंकू. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाताना वाटेत आंबा लागला तर वर बघत चला.

आता पतंग. पतंग आणि फुलपाखरू ओळखायचं कसं? फुलपाखराच्या मिशांची टोकं काडेपेटीतल्या काडीसारखी जाडसर असतात. पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा नुसत्या दोऱ्यासारख्या. फुलपाखरू बसलं की बहुतेक वेळा पंख वर मिटतं. पतंग ते पसरून किंवा पाठीवर कौलासारखे टाकून बसतो. फुलपाखरू दिवसा फिरतं, पतंग बहुतेक रात्री. पण यांना अपवाद असतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही.

पतंगांशी आपली ओळख जुनी आहे, फक्त नाव लावलेलं नाही. हरभऱ्यातली घाटेअळी पतंगाची अळी. कापसातली गुलाबी बोंडअळीही पतंगाची, आणि कामगंध सापळ्यात अडकतात ते तिचे नर. विदर्भात ऐनाच्या झाडावर टसरचे कोश होतात, तोही पतंगच. म्हणजे एक पतंग पीक खातो आणि दुसरा घर चालवतो. घाटेअळी सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक अळी घाटेअळी नसते. ओळखून मारणं आणि दिसेल त्यावर फवारणं यांत औषधाचाही पैसा वाचतो, आणि ती फवारणी ज्या बाईच्या पाठीवर असते तिची तब्येतही.

पतंग पाहायचे तर अंधाऱ्या रात्री जुनं पांढरं धोतर दोरीवर टाका आणि समोर दिवा लावा. तासाभरात पाहुणे येतील. केसाळ सुरवंटाला मात्र उघडा हात लावू नका, अंग खाजतं.

आणि पाहिलेलं लिहा. गटाच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर चार रकाने आखा: तारीख, झाड, काय दिसलं, आणि कुणी पाहिलं. फुलपाखराचं पुस्तकी नाव येत नसेल तर आपल्या भागात जे म्हणतात ते लिहा. ज्यांना अक्षर येत नाही त्या मावशींचं बघणं शिकलेल्या सुनेनं लिहावं, पण चौथ्या रकान्यात नाव मावशींचं.

या वहीला पुढं जायला जागाही आहे. 2002 चा जैवविविधता कायदा आला, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. 2004 च्या नियमांत तिच्या नेमलेल्या सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असं म्हटलं होतं. या समितीचं मुख्य काम म्हणजे गावकऱ्यांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं. गावात कुठली झाडं, कुठले जीव, कुणाला त्यांचं काय ज्ञान, हे सगळं त्यात यायचं असतं. पुढच्या ग्रामसभेत विचारा: आपल्या गावची ही नोंदवही कुठं आहे? ती आम्हाला वाचून दाखवा. निंदणीला, वेचणीला, सरपणाला रानात जाणाऱ्या बायांना काय काय माहीत आहे, त्यातलं किती त्यात आलं आहे? समितीवर कुठल्या बाया आहेत, आणि त्यांना बैठकीला बोलावतात का?

उत्तर समाधानाचं मिळालं नाही, तर आपली वही घेऊन जा. महिनाभरात दहा नोंदी झाल्या तरी पुरे. तारखा असू द्या, झाडं असू द्या, आणि प्रत्येक नोंदीसमोर जिनं पाहिलं तिचं पूर्ण नाव असू द्या.